व्हॅक्यूम क्लीनरचे आकडे वाचायचे कसे, आणि नागपूरच्या घरात तपासायचे कसे

बर्डीवरच्या कुठल्याही दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दाखवा म्हटलं की विक्रेता खोक्यावरचा एकच आकडा पुढे करतो: १२०० वॅट, १६०० वॅट, २००० वॅट. आकडा मोठा तर सफाई मोठी, असा सगळा हिशोब. पण वॅटवरून कळतं ते यंत्र किती वीज खातं एवढंच. धूळ किती उचलतं याची मोजणी वेगळी असते. तिच्या ठरलेल्या पद्धती आहेत, त्यासाठी खास धूळ तयार केली जाते आणि खास गालिचे राखून ठेवले जातात.

हा लेख पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: नागपूरच्या बहुतेक घरांना गालिच्यावरचा आकडा फारसा कामाचा नाही. फटीतली धूळ किती निघते, मागून किती धूळ परत हवेत येते आणि डबा भरत आल्यावर ओढ किती उरते, हे तीन प्रश्न विचारा. दुकानात उत्तरं बहुधा मिळणार नाहीत. तेव्हा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढायचा आणि स्वतः मोजायचं.

पायरी १: आपल्या घरात नेमकं काय पडतं ते पाहा

एका रविवारी झाडून काढलेला केर फेकू नका. वर्तमानपत्रावर पसरा आणि बघा. नागपुरात त्यात साधारण चार गोष्टी सापडतील. पहिली, पिठासारखी बारीक माती. कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, शेजारी बांधकाम चालू असतं, बेसा-मनीषनगरकडच्या नव्या वस्त्यांत तर रिकाम्या प्लॉटची काळी माती उन्हाळाभर उडत येते. कोराडी किंवा खापरखेड्याच्या बाजूला राहत असाल तर तिच्यात औष्णिक केंद्राची राखही असू शकते. दुसरी गोष्ट केस आणि धागे. तिसरी, सोफ्याच्या फटीत आणि जेवणाच्या टेबलाखाली जाणारे चुरमुरे, शेव, पोह्यांचे दाणे. चौथी खास आपली: मार्च-एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या बदलल्या की महिनाभर पुरणारा वूडवूलचा भुसा.

आता जमीन. कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल, जुन्या महाल-इतवारीच्या घरांत शहाबादी. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेलं घर आपल्याकडे शोधावं लागेल. फार तर दिवाणखान्यात एक छोटा गालिचा, खाली बसायला दरी किंवा सतरंजी, आणि गाद्या. म्हणजे आपलं यंत्र बहुतेक वेळ कडक, गुळगुळीत फरशीवर आणि तिच्या सांध्यांवर चालणार. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण प्रयोगशाळेतल्या चाचण्या ज्या देशांत आकाराला आल्या तिथे घरोघरी गालिचे होते आणि चाचण्यांचा झुकावही तिकडेच आहे.

पायरी २: वॅट, पास्कल आणि हवा

यंत्राच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात तीन प्रकारचे आकडे दिसतात. वॅट म्हणजे विजेचा वापर. किलोपास्कल म्हणजे नळीचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत निर्माण होणारी ओढ. लिटर प्रति सेकंद म्हणजे तोंड पूर्ण उघडं असताना वाहणारी हवा. गंमत अशी की शेवटचे दोन्ही आकडे अशा स्थितीतले आहेत ज्यात कोणी सफाई करत नाही. तोंड पूर्ण बंद असेल तर हवाच वाहत नाही, मग धूळ हलणार कशी? आणि पूर्ण उघडं असेल तर ओढ जवळपास शून्य. बारीक स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढून बघा: गाल आत जातात, तोंडात येतं थोडंच. धूळ उचलायला ओढ आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी लागतात.

म्हणून अभियंते या दोघांचा गुणाकार करतात. किलोपास्कल गुणिले लिटर प्रति सेकंद, उत्तर थेट वॅटमध्ये. याला एअर वॅट म्हणतात. तोंड हळूहळू बंद करत गेलं की एअर वॅट आधी वाढतात, मधे कुठेतरी शिखर गाठतात आणि मग उतरतात. ओढ आणि प्रवाह यांचं नातं साधारण सरळ रेषेचं धरलं, तर शिखराचा अंदाज असा काढता येतो: कमाल ओढ गुणिले कमाल प्रवाह, भागिले चार. समजा खोक्यावर २० किलोपास्कल आणि ३५ लिटर प्रति सेकंद लिहिलंय. २० × ३५ = ७००, भागिले ४ म्हणजे १७५ एअर वॅट. त्याच खोक्यावर ‘१४०० वॅट’ असेल तर वीज १४०० वॅटची जळते आणि हवेला कामाची ताकद मिळते जेमतेम १७५ वॅटची. बाकीची मोटरच्या उष्णतेत, घर्षणात आणि आवाजात जाते.

अमेरिकेत ही मोजणी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ ५५८ या मानकाप्रमाणे होते. बिनवायरी यंत्रांच्या जाहिरातीत हल्ली ‘२५००० पास्कल’ असं छापतात. घाबरू नका, ते २५ किलोपास्कलच. शून्यं वाढवली की आकडा भारदस्त दिसतो, एवढंच.

आपल्याकडे एसी किंवा फ्रिजवर बीईईचे तारे असतात, तशी सफाईची प्रत सांगणारी सरकारी पट्टी व्हॅक्यूम क्लीनरवर नसते. आयएस ३०२ या भारतीय मानकाचा उल्लेख कुठे दिसला तर तो विजेच्या सुरक्षिततेबद्दल आहे: शॉक बसू नये, यंत्र जास्त तापू नये. सफाईशी त्याचा संबंध नाही.

पायरी ३: प्रयोगशाळेत नेमकं काय चालतं

ही पायरी जरा लांब आहे, पण घरी चाचणी करायची तर इथूनच शिकायचं.

जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाची, म्हणजे आयईसीची. पूर्वी तिचा क्रमांक ६०३१२-१ होता, आता घरगुती कोरड्या यंत्रांसाठी ६२८८५-२ आहे. तिचा गाभा साधा आहे: ठरलेल्या जागेवर ठरलेल्या वजनाची धूळ पसरा, ठरलेल्या वेगाने ठरलेल्या वेळा यंत्र फिरवा, धुळीच्या डब्याचं किंवा पिशवीचं वजन किती वाढलं ते मोजा आणि पसरलेल्या वजनाने भागा. सगळी कसोटी त्या ‘ठरलेल्या’मध्ये आहे.

गालिच्याच्या चाचणीत विल्टन जातीचा विणलेला गालिचा घेतात. त्यावर डोलोमाइट दगडाची चाळलेली वाळू दर चौरस मीटरला १२५ ग्रॅम या प्रमाणात सारखी पसरतात. नुसती वर पडलेली वाळू कोणतंही यंत्र उचलेल, म्हणून तिच्यावरून जड रूळ फिरवून ती तंतूंच्या मुळाशी दाबतात. मग यंत्राचं तोंड सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने पाच वेळा पुढे-मागे नेतात. हात थकतो आणि वेग बदलतो, म्हणून हे काम बहुतेक ठिकाणी मोटरवर चालणारी यंत्रणा करते. खोलीचं तापमान २३ अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. विजेचा दाबही स्थिर ठेवतात.

आता म्हणाल, काऊन एवढा खटाटोप? कारण गालिचा आणि कागदी पिशवी हवेतला ओलावा शोषतात आणि त्यांचं वजन बदलतं. दोन-चार ग्रॅमच्या फरकावर श्रेणी ठरत असेल, तर पिशवीने प्यालेलं पाणीही ‘उचललेली धूळ’ म्हणून मोजलं जाईल. शिवाय गालिचा वापराने झिजतो आणि दर महिन्याला थोडा वेगळा वागतो. म्हणून प्रयोगशाळा एक संदर्भ यंत्र सांभाळून ठेवते. त्याच गालिच्यावर अधूनमधून ते चालवायचं आणि त्याचा आकडा सरकला तर गालिच्यात फरक पडला असं समजायचं. मला या सगळ्या पद्धतीत हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. घरच्या चाचणीतही आपण ती वापरणार आहोत.

अमेरिकेची पद्धत, एएसटीएम एफ ६०८, थोडी वेगळी. तिथे १०० ग्रॅम मिश्रण घेतात: ९० ग्रॅम सिलिका वाळू आणि १० ग्रॅम टाल्क. गालिचे एक नाही, चार प्रकारचे, अगदी लांब केसाळ शॅगसुद्धा. त्यामुळे एकाच यंत्राचा युरोपातला आकडा आणि अमेरिकेतला आकडा जुळत नाही, आणि जुळावा अशी अपेक्षाही करू नये.

आपल्या कामाची चाचणी मात्र दुसरी आहे: फटी असलेली कडक जमीन. लाकडी पाटावर ३ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल खाच असते आणि ती यंत्राच्या वाटेला तिरकी ठेवतात. खाच धुळीने काठोकाठ भरायची, वरून तोंड न्यायचं आणि आत किती उरलं ते मोजायचं. या चाचणीचा निकाल एकाच्या वर जाऊ शकतो, म्हणजे ११० टक्के वगैरे. नवख्याला ही फसवणूक वाटते, पण तशी ती नाही. हिशोब तोंडाच्या रुंदीएवढ्या खाचेचा धरलेला असतो आणि चांगलं तोंड स्वतःच्या कडेच्या पलीकडची धूळही ओढून घेतं. टाइलच्या सांध्यात अडकलेली माती निघेल का, याचं उत्तर देणारा हाच आकडा.

याशिवाय भिंतीच्या कडेची सफाई, गालिच्यावरचे आणि सोफ्यावरचे धागे, डब्यात प्रत्यक्ष किती मावतं, तोंड ढकलायला जोर किती लागतो, आवाज किती, अशा चाचण्या असतात. आणि एक महत्त्वाची: डबा भरत गेला की हवेचा प्रवाह किती घटतो. त्यासाठी खनिज धूळ, कागदासारखे सेल्युलोजचे कण आणि कापसाचे तंतू एकत्र करून यंत्राला थोडं थोडं खाऊ घालतात. आपल्याकडची बारीक माती अधिक गादीचा कापूस, हे मिश्रण त्याच्या फार जवळचं आहे.

पायरी ४: ए ते जी, आणि ती पट्टी गेली कुठे

परदेशी परीक्षणं वाचताना ‘गालिच्यावर ए, कडक जमिनीवर सी’ असे उल्लेख सापडतात. ही युरोपीय संघाची पट्टी, सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेली. तिचा अर्थ असा:

गालिच्यावर ०.९१ किंवा जास्त म्हणजे ए श्रेणी, ०.७१ पेक्षा कमी म्हणजे जी. फट असलेल्या जमिनीवर १.११ किंवा जास्त म्हणजे ए, ०.९६ पेक्षा कमी म्हणजे जी. मागून परत हवेत सुटणारी धूळ ०.०२ टक्के किंवा कमी असेल तर ए, एक टक्क्याहून जास्त असेल तर जी.

बारकाईने पाहा: कडक जमिनीवर ए आणि जी यांच्यात अंतर केवढं? ०.१५. म्हणजे सी श्रेणीचं यंत्र वाईट आहे असं मुळीच नाही. अक्षरावर जाऊ नका, खालचा दशांश मिळाला तर तो वाचा. आणि तो आकडा कोणतं तोंड लावून काढलाय तेही पाहा. काही कंपन्या गालिच्याच्या चाचणीला एक तोंड लावत आणि जमिनीच्या चाचणीला दुसरं. तुमच्या खोक्यात ते दुसरं नसेल तर तो आकडा तुमचा नव्हे.

त्याच वेळी युरोपने विजेवर मर्यादा घातली: २०१४ मध्ये १६०० वॅट, सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅट. आवाज ८० डेसिबलच्या आत, मोटरचं आयुष्य किमान ५०० तास, आणि सफाईची किमान पातळीही पाळायची. थोडक्यात, ९०० वॅटच्या आत गालिच्यातली किमान ७५ टक्के धूळ निघालीच पाहिजे. कंपन्यांनी तोंडाचा आकार सुधारला, गळती बंद केली आणि हे जमवलं. आपल्याकडे अजून २००० वॅट हा अभिमानाचा आकडा आहे. विजेचं बिल भरणारे आपणच.

मग पट्टीचं काय झालं? व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी डायसन कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, चाचणी रिकाम्या डब्याने होते, घरात डबा रिकामा नसतो. ८ नोव्हेंबर २०१८ ला युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने हे मान्य करून पट्टीचा नियमच रद्द केला आणि जानेवारी २०१९ मध्ये पट्ट्या दुकानांतून गेल्या. वॅटची आणि सफाईची मर्यादा मात्र वेगळ्या नियमात होती, ती टिकली. म्हणून आज एखाद्या ऑनलाइन जाहिरातीत ‘युरोपियन ए रेटिंग’ दिसलं तर समजा, हे जुन्या पट्टीवरून उचललंय.

सध्या भरवशाचे आकडे हवे असतील तर जर्मनीची श्टिफ्टुंग वारेनटेस्ट, ब्रिटनची व्हिच आणि अमेरिकेची कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या संस्था आहेत. त्या यंत्रं बाजारातून विकत घेऊन तपासतात. अडचण एवढीच की त्यांनी तपासलेलं मॉडेल आपल्याकडे मिळेलच असं नाही, आणि नाव सारखं असलं तरी सोबतचं तोंड वेगळं असू शकतं.

पायरी ५: मागून काय बाहेर येतं

दमा किंवा धुळीची अॅलर्जी असलेलं कोणी घरात असेल तर हा भाग आधी वाचा. यंत्र पुढून धूळ घेतं आणि मागून हवा सोडतं. त्या हवेत बारीक कण राहिले तर तुम्ही खाली बसलेली धूळ उचलून नाकाच्या उंचीवर पसरवत आहात. प्रयोगशाळेत ठरलेल्या आकाराचे कण यंत्रात सोडतात आणि मागच्या हवेतले कण मोजतात.

दुकानात याचं भाषांतर ‘हेपा फिल्टर’ या एका शब्दात होतं. युरोपीय मानकात एच १३ श्रेणीच्या हेपाने सगळ्यात निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवले पाहिजेत; अमेरिकेत ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के. पण हा आकडा सुट्या फिल्टरचा. फिल्टर बसवलेल्या खाचेचं रबर सैल असेल तर हवा बाजूने निघून जाते आणि उत्तम फिल्टर आत कोराच राहतो. ‘हेपासारखा’, ‘हेपा टाइप’ असं लिहिलेलं असेल तर श्रेणी विचारा. श्रेणी नसेल तर तो साधा फिल्टर समजा.

घरी तपासायचं असेल तर रात्री खोली अंधारी करा, कूलर-पंखा बंद ठेवा आणि यंत्राच्या मागच्या जाळीवरून आडवा टॉर्च धरा. दुसऱ्या माणसाने पुढून चमचाभर टाल्कम ओढायची. प्रकाशाच्या झोतात धूर दिसला तर गळती आहे. काहीच दिसलं नाही तरी सगळं ठीक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण अतिबारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. जळती उदबत्ती मात्र यंत्रासमोर धरू नका. निखारा आत गेला तर पिशवी पेटेल.

पायरी ६: घरची चाचणी

डेमोबद्दल आधी दोन शब्द. घरी येणारा विक्रेता नळीच्या मधे पांढरा किंवा काळा कापडाचा तुकडा लावतो, गादीवर यंत्र फिरवतो आणि कापडावर जमलेली धूळ दाखवतो. घरातली मंडळी ‘अरे बापा!’ म्हणतात आणि ऑर्डर देतात. त्या तुकड्यावरून एवढंच कळतं की गादीत धूळ होती. ती तर प्रत्येक गादीत असते. किती उरली, ते त्या तुकड्यावर दिसत नाही. चाचणी उरलेल्याची करायची असते.

सामान: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा, शक्य असल्यास दशांश ग्रॅम मोजणारा छोटा काटाही. बारीक वाळू धुऊन, उन्हात कडक वाळवून, मैद्याच्या चाळणीने चाळलेली. ती चाळणी नंतर स्वयंपाकात नको. वाळूच्या नऊ भागांना एक भाग टाल्कम पावडर. वाळू मिळाली नाही तर पांढरी रांगोळी घ्या. तीही दगडाचीच पूड आहे आणि वाळूपेक्षा सारख्या आकाराची मिळते. मात्र एकदा जे घेतलं तेच प्रत्येक वेळी वापरा.

सकाळी करा, कूलर लावायच्या आधी. कूलर चालू असला की खोलीतला ओलावा झपाट्याने वाढतो आणि कागदी पिशवीचं वजन बदलतं. शिवाय मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी-कूलर चालू असताना व्होल्टेज उतरत असेल तर मोटर मंद पडते. दोन यंत्रांची तुलना करायची तर दोन्ही एकाच वेळेला, एकाच प्लगवर.

फरशीवर खडूने एक मीटर लांबीचा आणि यंत्राच्या तोंडाएवढ्या रुंदीचा पट्टा आखा. धुळीचा डबा फिल्टरसकट काढून त्याचं वजन लिहून ठेवा. ५० ग्रॅम मिश्रण चाळणीतून पट्ट्यावर सारखं पसरा. मग पाच वेळा पुढे आणि मागे, मीटरभर जायला दोन सेकंद. घड्याळ समोर ठेवा, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर हात नकळत जलद चालतो. शेवटी तोंड वर उचलून यंत्र अर्धा मिनिट नुसतं चालू ठेवा, नळीवर थापट्या मारा, म्हणजे आत अडकलेलं डब्यात येईल. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीवर स्थिर विजेमुळे पावडर चिकटते, तेव्हा ही पायरी टाळू नका. डबा पुन्हा मोजा. वाढलेलं वजन भागिले ५०.

हे किमान तीनदा करून सरासरी घ्या. तिन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर दोष तुमच्या पसरण्यात किंवा वेगात आहे, यंत्राला नावं ठेवण्याआधी ते सुधारा. आणि संदर्भ यंत्राची युक्ती इथे वापरा: आधी घरचं जुनं यंत्र, मग नवं, मग पुन्हा जुनं. जुन्याचे दोन आकडे जुळले तरच नव्याच्या आकड्याला किंमत. शेजाऱ्यांचं यंत्र आणलं तरी चालतं. नागपुरात या कामाला कोणी नाही म्हणत नाही, उलट बघायला सगळं घर येतं.

गुळगुळीत फरशीवर बहुतेक यंत्रं चांगलीच ठरतील, फरक थोडा दिसेल. खरी परीक्षा फटीत. सुताराकडून फूटभर लांबीच्या जाड पाटीवर ३ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर खोल खाच पाडून घ्या. फूटभर खाचेत १३-१४ ग्रॅमच वाळू मावते, म्हणून इथे छोटा काटा लागतो. तुमचं तोंड खाचेच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर खाच तोंडाच्या रुंदीएवढ्या लांबीतच भरा. खाच तिरकी ठेवा, मोजून भरलेली वाळू बोटाने सपाट करा, पाच फेऱ्या मारा आणि उरलेली कागदावर झटकून मोजा. तोंडाला पुढून उघडी खाच आहे की चारी बाजूंनी ब्रशचे केस, यावरून निकालात मोठा फरक पडताना दिसेल. पुष्कळदा यंत्र न बदलता फक्त तोंड बदललं तरी काम होतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं.

दरीची चाचणी हवी असेल तर तेवढंच मिश्रण दरीच्या तुकड्यावर पसरून त्यावरून पाण्याने भरलेली बाटली दहा वेळा लाटा, म्हणजे वाळू विणीत बसेल. बाकी सगळं तसंच. गादीवर वाळूचा प्रयोग करू नका, ती परत निघणार नाही.

केस आणि वूडवूल मोजण्याची गरज नाही, बघून कळतं. फिरत्या ब्रशचं यंत्र असेल तर लांब केस टाकून चालवा आणि ब्रश उलटा करून पाहा. सगळे केस ब्रशला गुंडाळलेले असतील तर दर आठवड्याला कात्री घेऊन बसायची तयारी ठेवा.

रोबो आणि बिनवायरी

बिनवायरी यंत्रांना आयईसी ६२८८५-४ आणि रोबोंना ६२८८५-७ असे वेगळे भाग आहेत. बिनवायरीत एकच प्रश्न: छापलेली ताकद ‘मॅक्स’वरची आणि छापलेली मिनिटं ‘इको’वरची आहेत का? बहुधा असतात. वरची फरशीची चाचणी मॅक्सवर एकदा, इकोवर एकदा करा, आणि मॅक्सवर बॅटरी किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून पाहा. रोबोत ओढीपेक्षा तो खोलीचा किती भाग गाठतो हे जास्त महत्त्वाचं. दिवाणाखाली शिरतो का, कूलरच्या वायरीत अडकतो का, स्वयंपाकघराचा उंबरठा चढतो का, एवढं बघितलं तरी पुरे.

पायरी ७: महिन्याने पुन्हा

न्यायालयाने जो मुद्दा धरला तो घरातही खरा आहे: नव्या यंत्राचा पहिल्या दिवशीचा आकडा टिकत नाही. महिनाभर वापरल्यावर, डबा निम्मा भरलेला आणि फिल्टर न धुता, तीच फरशीची चाचणी पुन्हा करा. बॅगवाल्या यंत्रात बारीक मातीने पिशवीची छिद्रं बुजतात. बॅगलेसमध्ये फिल्टर बुजतो. घरात दुरुस्ती निघाली असेल तर सिमेंटची किंवा पीओपीची पूड घरगुती यंत्राने ओढू नका, एका दुपारीत फिल्टर बसेल. ती ओल्या फडक्याने पुसा.

दुसऱ्या वेळचा आकडा बराच खाली आला तर डबा रिकामा करा, फिल्टर झटका आणि पुन्हा मोजा. तरीही वर आला नाही तर धुण्याजोगा फिल्टर साध्या पाण्याने धुवा. कागदी हेपा धुऊ नका, तो बदलावाच लागतो. धुतलेला फिल्टर सावलीत पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात गॅलरीत एका दिवसात वाळतो, जुलैत दोन दिवसही पुरत नाहीत, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एक जादा फिल्टर घेऊन ठेवा. यंत्र घेतानाच दुकानदाराला विचारा की फिल्टर आणि पिशव्या नागपुरात मिळतात की मागवाव्या लागतात, आणि किती दिवसांत येतात.